फॉर्मवर दमा लिहायचा की नाही?

ताई, सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी इथंच सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. त्यांच्या कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबची बारा मुलं आणि दोन सर जूनअखेर हिमाचलात स्पितीला चाललेत. कनामो नावाचं शिखर आहे. पत्रकात 'सहा हजारी शिखर' असं छापलंय. हिची निवड झाली तेव्हा मी कारखान्यात पेढे वाटले. आमच्या घराण्यात तुळजापूरच्या घाटापेक्षा उंच कुणी चढलेलं नाही.

आता अडचण अशी की तिला लहानपणापासून दमा आहे. हल्ली बराच कमी आहे, पण हवा बदलली की पंप लागतो. मेडिकल फॉर्मवर 'श्वसनाचा काही आजार' असा रकाना आहे. ती म्हणते, "बाबा, तिथं 'नाही' लिहा, नाहीतर सर मला काढतील." आमचे नेहमीचे डॉक्टर ओळखीखातर सही द्यायला तयार आहेत. बायको म्हणते, खरं लिहा, म्हणजे कॉलेजच तिला काढेल आणि आपण वाईट ठरणार नाही. माझी आई तर रात्रीचं जेवण सोडून बसलीय. खोटं कशाला बोलू, मुलगा असता तर मी एवढा विचार केला नसता. ४२ हजारांपैकी निम्मे भरलेत, ते परत मिळत नाहीत. मित्रमंडळी अशोक चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचं म्हणतायत. सोबत वेळापत्रक जोडलंय, मला त्यातलं काही कळत नाही. पाठवू का नको? आणि फॉर्मवर काय लिहू?

— एक बाप, सोलापूर

---

भाऊ, नमस्कार.

फॉर्मवर दमा लिहा. कधीपासून आहे, शेवटचा त्रास कधी झाला, कोणता पंप लागतो, सगळं लिहा. डॉक्टरांना सांगा, ओळखीची सही नको, तपासून सही द्या. इतक्या वर्षांच्या संबंधात एवढं बोलायला जड जाईल, पण बोला.

आणि वहिनींनाही सांगा, त्यांचा मार्ग दिसायला सरळ असला तरी तोही आडवळणाचाच आहे. पोरीला पाठवायचं नसेल तर तिच्यासमोर बसून 'नको' म्हणावं. खरं लिहायचं आणि नकार मात्र कॉलेजच्या तोंडून वदवून घ्यायचा, हे तिला आज ना उद्या कळेल. मग पुढच्या वेळी ती फॉर्म घरात दाखवणारच नाही.

दमा लिहिला म्हणजे नाव गेलंच, असं मात्र नाही. दमा ताब्यात असलेली माणसं हिमालयात जातात, नीट फिरून येतात. उंचावरच्या कोरड्या थंडीत धुळीतले ते बारीक किडे कमी असतात, त्यामुळे काहींना उलट बरं वाटतं. काहींना तीच थंड कोरडी हवा आणि चढाचे श्रम भोवतात. तुमची लेक यातली कुठली, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि ओळखीची सहीही सांगू शकत नाही. छातीच्या डॉक्टरकडे जा. फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी असते, स्पायरोमेट्री, ती करून घ्या. ते विचारतील : वर्षभरात रात्री दम लागून उठली का? कधी ॲडमिट करावं लागलं का? पंप आठवड्यातून किती वेळा लागतो? उत्तरं तिलाच देऊ द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. जिना चढून धाप लागत असेल किंवा गेल्या काही महिन्यांत मोठा झटका येऊन गेला असेल, तर यंदा नाही. तसं नसेल तर डॉक्टर बहुधा रोजचा प्रतिबंधक पंप ठरवून देतील आणि जायच्या बऱ्याच आधीपासून न चुकता घ्यायला सांगतील. जाताजाता रक्तही तपासा. आपल्याकडच्या मुलींचं हिमोग्लोबिन फार वेळा कमी निघतं, आणि विरळ हवेत ते कमी असून चालत नाही.

पण तुमचं पत्र मी परत परत वाचलं ते दम्यासाठी नाही. तिच्या एका वाक्यासाठी : "नाहीतर सर मला काढतील." दम्यापेक्षा मला या वाक्याची काळजी वाटते. का, ते सांगते.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, ते १,६४६ मीटर. कनामो ५,९६४. (सहा हजारी नाही. छत्तीस मीटर पत्रकवाल्यांनी पदरचे घातलेत.) हवेत प्राणवायू तिथंही तेवढाच, २१ टक्के. पण हवेचा दाब कमी होत जातो आणि साडेपाच हजार मीटरवर तो जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे छातीभर घेतलेल्या एका श्वासात निम्माच प्राणवायू पदरात पडतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत तर आधी डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं, झोप लागत नाही. बहुतेकांचं तिथंच थांबल्यावर दिवस-दोन दिवसांत निवळतं. ज्यांचं निवळत नाही आणि तरीही जे वर चढत राहतात, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूला सूज येते, काहींच्या फुफ्फुसात पाणी होतं. याला तरुण, पैलवान, मॅरेथॉनवाला असा कुणीही अपवाद नाही. धट्टीकट्टी पोरं उलट भराभर वर जातात आणि लवकर अडकतात. मेमध्ये त्रेचाळीस डिग्रीत विजापूर रोडवर धावून तिनं अंग कमावलं असेल तर चढताना पाय साथ देतील, पण विरळ हवेची सवय त्यातून होत नाही.

यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं. पण उतरायचं तर आधी कुणीतरी "मला बरं वाटत नाहीये" असं तोंडानं म्हणायला हवं. कॉलेजातल्या फॉर्मवर जी मुलगी 'काढतील' या भीतीनं खरं लिहीत नाही, ती चार हजार आठशे मीटरवर तंबूत डोकं ठणकत असताना सांगेल का? तुमच्या मागावर धागा तुटला की माग थांबतो. तिथं मुलांना बोलण्याचीच भीती असेल, तर धागा तुटूनही माग चालूच राहील.

एकदा एका बेस कॅम्पवर पाहिलेलं सांगते. सकाळी सगळी मुलं निघायच्या गडबडीत. एक पोरगा दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधायचा, सोडायचा, परत तीच गाठ मारायचा. मित्र हसत होते, "अरे, पहिलीत आहेस का?" तोही हसत होता. त्यांच्या म्होरक्यानं ते पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला आणि जमिनीवर एक दोर सरळ अंथरला. म्हणाला, "यावरून चाल, टाचेला चवडा लावून." चौथ्या पावलाला पोरगा कडेला गेला. परत उभा केला, परत गेला. मग मित्रांपैकी एकाला आठवलं की रात्री यानं उलटी केली होती, "सांगू नको" म्हणाला होता. हातातली सगळी कामं टाकून दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून खाली नेलं. दुपारी खालच्या गावात पोचल्यावर तो ऑम्लेट मागत होता. आणखी एक रात्र वर काढली असती तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला लिहीत बसत नाही.

सरळ रेषेत चालायची ही चाचणी तुमच्या लेकीला घरीच शिकवा. मेंदूच्या सुजेत माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, साधी कामं चुकतो आणि स्वतःला मात्र ठीकच समजतो. फुफ्फुसाचं दुखणं ओळखायची खूण वेगळी : चढताना सगळ्यांनाच धाप लागते, पण बसल्या जागी, विश्रांती घेऊनही धाप कमी होत नसेल, खोकला वाढत असेल, तर तासभरही वाट पाहायची नाही. आणि इथंच दम्याचा रकाना आडवा येतो. तिला तिथं दम लागला, तर तो नुसता चढाचा आहे, दम्याचा आहे की फुफ्फुसात पाणी झाल्याचा, हे सरांनी ठरवायचं असतं. दमा आहे हे माहीत असेल तर पंप देऊन पाहतील, आणि पंपानं उतार पडला नाही की लगेच खाली नेतील. माहीतच नसेल तर ती गुपचूप स्वतःच पंप ओढत बसेल, आणि रात्र निघून जाईल.

आता तुम्ही जोडलेलं वेळापत्रक. मला खरा राग आला तो हे वाचून.

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं मनाली, इथपर्यंत ठीक. मनाली दोन हजारांच्या थोडं वर. एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलरनं अटल बोगद्यातून, साडेचार हजारांवरची कुंझुम खिंड ओलांडून थेट काझा. ३,६५० च्या आसपास. त्याच्या पुढच्या दिवशी किब्बर, ४,२०० च्या वर. लगेच तिसऱ्या दिवशी बेस कॅम्प, त्यांच्याच तक्त्याप्रमाणे ४,८००. एक दिवस आराम आणि त्या रात्री दोन वाजता शिखराकडे. म्हणजे मनाली सोडल्यापासून तीन रात्रींत झोपायची जागा पावणेतीन हजार मीटर वर सरकली. जगभरचे पहाडी डॉक्टर सांगतात : तीन हजारांच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांत एकदा आहे तिथंच मुक्काम वाढवा. दिवसा वर फिरून या, पण झोपायला खाली या. या तक्त्यात तसं काहीच नाही. पहिलीच उडी सोळाशे मीटरची.

हे कुणी मुद्दाम केलेलं नसतं. दिवस वाढले की खर्च वाढतो, कॉलेजची हजेरी बुडते, म्हणून तक्ता आवळला जातो. सुधारायला फार अवघड नाही. जाताना मनालीकडून न जाता सिमल्याकडून किन्नौरमार्गे जायचं : सिमला, मग कल्पा, मग ताबो, मग काझा. गाडी हळूहळू चढते, मुक्कामही हळूहळू चढतात. काझात दोन रात्री, किब्बरला दोन, बेस कॅम्पवर दोन. काझा ते किब्बर आणि किब्बर ते बेस कॅम्प या दोन्ही उड्या ५०० हून थोड्या जास्त आहेत, म्हणूनच दोन-दोन रात्री. येताना खुशाल मनालीवरून या, उतरताना काही बाधत नाही. किन्नौरच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा जूनअखेर निघायचं तर एखादा दिवस त्यासाठीही हातात हवा.

हातातले दिवस. तक्त्याच्या शेवटी बघा : शिखराच्या दुसऱ्या दिवशी काझा, तिसऱ्या दिवशी मनाली, चौथ्या दिवशी दिल्लीतून परतीची गाडी, कन्फर्म तिकीट. मध्ये एकही मोकळा दिवस नाही. हवा बिघडली तर? एकाला बरं नसलं तर? मग म्होरक्यापुढे दोनच वाटा उरतात : शिखर सोडायचं किंवा बिघडलेल्या हवेत निघायचं. बारा मुलं, वर्गणी भरलेली, कॉलेजात हारतुरे तयार, आणि खिशात कन्फर्म तिकीट. अशा वेळी माणसं काय ठरवतात हे मला माहीत आहे. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून गेलेल्या, गाईड धरून बावीस जणांच्या गटातले नऊ जण बर्फवादळात सापडून गेले. तो ट्रेक होता, शिखर नव्हे, आणि उंची तुमच्या लेकीच्या बेस कॅम्पपेक्षा कमी. तिथं कुणी काय चुकलं हे मी इथं बसून सांगणार नाही. हवा बदलल्यावर परतायला किती थोडा वेळ मिळतो, एवढ्यासाठीच ते लिहिलं.

तेव्हा कॉलेजात जा. एकटे नको. आणखी दोन-तीन पालक गोळा करा, म्हणजे 'एकट्या मुलीचा बाप घाबरला' असं होणार नाही. सरांना चहाला बसवा आणि शांतपणे विचारा. दोघांपैकी कुणी बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केलाय का? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची, मनालीची, पहलगामची, अशा ठिकाणी तो नीट शिकवतात. बेसिकच जवळपास चार आठवड्यांचा असतो. कनामोची उन्हाळ्यातली वाट बहुतेक दगड-मुरुमाची, दोराच्या कसरती फारशा लागत नाहीत, तरी वर बर्फ लागू शकतो आणि बारा पोरं आहेत. मुलांचं एक वेळ चालेल, म्होरक्याला शिक्षण हवंच. मग विचारा, "परत फिरा" म्हणायचा शेवटचा अधिकार कुणाचा, सरांचा की एजन्सीच्या गाईडचा? किती वाजेपर्यंत शिखर नाही आलं तर मागे वळायचं? आणि एक मुलगा खाली न्यायचा झाला तर त्याच्यासोबत कोण जाणार, बाकीच्यांकडे कोण राहणार? दोनच सर आहेत. एक खाली गेला तर वर एक. याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार असेल तर निम्मी काळजी मिटली समजा. "तसं काही होत नाही हो" असं उत्तर आलं, तर तो नकारच समजा आणि मुलगी घरी ठेवा.

आणि त्याच बैठकीत त्यांच्यासमोर दम्याचा फॉर्म ठेवा. डॉक्टरांचा अहवाल जोडून. सर तपासणी बघून, विचार करून 'यंदा नको' म्हणाले तर वाईट वाटेल, पण तो माणूस जबाबदारीनं वागतोय. नुसता 'दमा' शब्द वाचून नाव खोडलं तर डॉक्टरांशी बोला म्हणावं. आणि "बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे पंप, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आहे, बाकीच्या मुलांचीही विचारपूस करतो" असं म्हणाले, तर मी माझी लेक त्यांच्यासोबत पाठवीन.

डायमॉक्स नावाच्या गोळीबद्दल कुणीतरी सांगेलच. ती शरीराला सवय व्हायला मदत करते, खोटी नाही. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालेलच असं नाही, बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली तरच घ्यायची, आणि गोळी घेतली म्हणून तक्ता आवळायचा नाही. झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत.

मुलगा असता तर विचार केला नसता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पण उंचीला मुलगा-मुलगी कळत नाही. उलट दुखणं लपवणारे मी पाहिले ते बहुतेक मुलगेच, 'मर्द' दिसायच्या नादात. मुलींच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते आणि बाप लोक ती विचारत नाहीत. तंबूतून रात्री उणे तापमानात लघवीला बाहेर जायचं, अंधार, सगळीकडे मुलं. म्हणून मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं धरतं, थकवा येतो, आणि ते उंचीचं दुखणं आहे का तहानेचं, हे कळेनासं होतं. तेव्हा विचारा : सोबत किती मुली आहेत, एखाद्या मॅडम येणार आहेत का, टॉयलेट टेंट मुलींचा वेगळा आहे का. मॅडम नसतील तर एखादी अनुभवी बाई टीममध्ये घ्या म्हणावं. प्रवासात पाळीची तारीख मागेपुढे होते, तेव्हा सामान सोबत असू द्या, आणि वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणाऱ्या पिशव्याही. हे तुम्ही बोलायला लाजत असाल तर वहिनींना बोलू द्या. त्यांनाही या बाबतीत काही करता येतंय म्हटल्यावर त्यांचा विरोध थोडा कमी होईल, बघा.

फ्लेक्स नको. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. अशोक चौकात बारा फुटी फोटो, मागे बर्फाचं शिखर, खाली शुभेच्छुकांची रांग, नगरसेवकाचं नाव सगळ्यात मोठं. तो फ्लेक्स पाहून निघालेली पोरगी शिखराच्या अलीकडे शंभर मीटरवर डोकं फुटायला आलं तरी वळेल का? तिच्या पाठीवर अख्खी पेठ बसलेली असेल. पेढे वाटलेत ते वाटलेत. आता मित्रांना सांगा, परत आली की बघू, शिखर झालं असो वा नसो. आणि तिला जायच्या आधी एकदा, जेवताना वगैरे, अगदी साधेपणानं सांगा की बेस कॅम्पवरून परत आलीस तरी मला चालेल, पैशाचा हिशेब काढणार नाही. हे तुम्ही एकदा बोललात की तिला तिथं खोटं बोलायचं कारण उरत नाही. २१ हजार भरून झालेत, ते आता तुमच्या निर्णयात धरू नका. पाठवलंत तरी गेले, नाही पाठवलंत तरी गेले.

बाकी बारीकसारीक. घरच्या मेडिक्लेमवर विसंबू नका, धाडसी खेळांचं कलम वाचा. गिर्यारोहण धरणारा वेगळा विमा असतो, तो एजन्सीनं काढलाय का विचारा. कुणी म्हणेल ऑनलाइन सॅटेलाइट फोन मागवून तिच्या बॅगेत टाका. टाकू नका. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. किब्बरच्या वर तिचा फोन लागेलच असं धरू नका. त्या दिवसांत सरांचा निरोप कधी आणि कुणामार्फत येणार हे ठरवून घ्या, आणि त्यात एखादा दिवस चुकला तर आजींच्या देखत कपाळाला हात लावू नका. कारखान्यातली जाड चादर बरोबर देऊ नका. सोलापुरी चादर घरात कितीही उबदार असली तरी सुती आहे, ओली झाली की तिथं वाळत नाही. लोकर, फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. उन्हाचा चष्मा चांगला हवा, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार लागतं.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र भरपूर द्या. बेस कॅम्पवर पाणी पंच्याऐंशी डिग्रीच्या आतबाहेरच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि शिजलेली भूक नसल्यानं खाववत नाही. कडक भाकरीला गॅस लागत नाही, ती आठवडे टिकते, आणि चटणीचा वास आला की पोरगी दोन घास तरी खाईल. शेजारच्या तंबूतलेही येतील. तेव्हा बारा जणांच्या हिशेबानं द्या.

तयारीला अजून वेळ आहे. आपलं गाव सपाट, चढ कुठून आणणार? तुळजापूरचा घाट आहे की. कोजागरीला आपल्याकडची माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, निम्मी अनवाणी. तिनं पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन दर रविवारी घाट चढावा-उतरावा, मधल्या दिवशी एखाद्या सहा मजली इमारतीचे जिने. उतरण्याचा सराव जास्त करावा, गुडघे तिथंच बोलतात. त्या चालण्यात तिला पंप किती वेळा लागतो, हे तिनं स्वतः वहीत लिहावं आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

आजींना जेवायला बसवा. त्यांना शिखर, उंची काही सांगू नका. पोरीला डॉक्टरकडे नेलं, मास्तरांना भेटलो, दिवस वाढवून घेतले, एवढं सांगा. ते खरं असू द्या म्हणजे झालं.

आणि पंप दोन घ्या. एक तिच्याकडे, एक सरांकडे, दोघांकडेही तारीख तपासून. थंडीत पंपाचा फवारा मंद होतो, तेव्हा तिचा पंप सॅकमध्ये नाही, अंगालगतच्या खिशात राहील आणि रात्री स्लीपिंग बॅगेत तिच्यासोबत झोपेल.